घरामागच्या खोलीचे अर्थिंग

आपल्या खानदेशात घर म्हटले की ते एकाच छपराखाली कधी मावत नाही. पुढे राहते घर, मागे न्हाणीघर आणि संडास, बाजूला गुरांचा गोठा, गावाबाहेर खळवाडीत चारा व अवजारे ठेवण्याचे पत्र्याचे शेड आणि शेतात मोटरची खोली. शहरातील वस्त्यांतही गच्चीवर किंवा परसात एखादी पत्र्याची खोली मुलांच्या अभ्यासासाठी काढलेली असते. अनेक संस्थांच्या अभ्यासिकाही मुख्य इमारतीपासून अंगणभर अंतरावर असतात. या सर्व ठिकाणी आज वीज गेलेली आहे. ती कशी गेली आहे, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

राहत्या घराची वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यामुळे निदान कागदावर तरी सर्व काही तपासले जाते. पण मीटर बसल्यावर दोन-चार वर्षांनी गोठ्यात दिवा हवा, न्हाणीत पाणी तापवायला प्लग हवा, मागच्या खोलीत कूलर हवा, अशी गरज निघते. तेव्हा टेस्ट रिपोर्ट कोणी मागत नाही. घरातलाच एखादा हुशार मुलगा किंवा शेजारचा ओळखीचा माणूस बाजारातून वायरचे बंडल आणतो आणि घरातील बोर्डावरून दोन तारा मागे नेऊन देतो. दिवा लागतो आणि सर्वांचे समाधान होते. तिसरी तार, म्हणजे अर्थची, घरातच राहते. प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या तिसऱ्या तारेविषयी आहे.

मी कला शाखेचा पदवीधर व पेशाने बँकेतील लिपिक. विजेशी माझा संबंध कर्जाच्या फायलींतून आला. पंपासाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याच्या फायलीला कोटेशन जोडलेले असते. त्यात मोटर, स्टार्टर, केबल, पाइप, खोलीच्या पत्र्यांचा खर्च अशा सर्व बाबी ओळीने लिहिलेल्या असतात. ‘अर्थिंग’ ही ओळ त्यात क्वचितच दिसे. ती का नसते, हे विचारता विचारता जे समजले ते सभासद बंधू-भगिनींसमोर आणि विशेषतः विद्यार्थ्यांसमोर मांडत आहे. यात दहावीच्या पुस्तकातील ओहमच्या नियमापलीकडचे काही नाही.

सर्वप्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. ‘अर्थ केला की करंट जमिनीत जिरून जातो’ असे आपण सर्रास म्हणतो. पाणी जमिनीत जिरते, वीज जिरत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना पाटाची कल्पना आहे. बंधाऱ्यातून पाटाने पाणी फडात जाते, जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत येते. विजेचा प्रवाह या सांडव्याच्या पाण्यासारखा आहे. तो जिथून निघाला तिथे परत पोहोचण्यासाठी वाट शोधतो. तो निघतो आपल्या गल्लीतील किंवा शेतातील डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून. एका तारेने, फेजने, तो येतो आणि दुसरीने, न्यूट्रलने, परत जातो. डीपीजवळ न्यूट्रल जमिनीत गाडलेल्या अर्थला जोडलेला असतो. म्हणूनच जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस फेजला शिवला तर त्याच्या अंगातून, जमिनीतून, डीपीच्या अर्थमधून परतीची वाट पूर्ण होते. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जाईल. हृदयाचे ठोके बिघडायला त्याच्या काही अंशानेही भागते.

अर्थिंगचा हेतू असा की, कूलरच्या किंवा मोटरच्या लोखंडी अंगाला आतील फेज चिकटला, तर प्रवाहाला माणसापेक्षा सोपी वाट मिळावी आणि त्या जोरदार प्रवाहाने फ्यूज उडावा किंवा एमसीबी पडावी. हे दुसरे काम महत्त्वाचे आहे, कारण वीज बंद झाली तरच धोका संपतो. इथेच आपल्याकडील वेगळ्या खोल्यांचा सगळा घोळ होतो.

समजा, मागच्या खोलीजवळ आपण पाइप गाडून चांगले अर्थिंग केले. त्याचा रोध १० ओहम आला. ही वाईट किंमत नाही. डीपीच्या अर्थचा रोध ५ ओहम धरू. कूलरच्या बॉडीला फेज लागला. वाटेतील एकूण रोध १५ ओहम, दाब २३० व्होल्ट, म्हणजे प्रवाह सुमारे १५ अँपिअर. खोलीची एमसीबी १६ अँपिअरची आहे. ती पडणारच नाही! तिच्या दृष्टीने हा साधा भार आहे. आणि त्या काळात कूलरच्या अंगावर किती दाब राहील? १५ अँपिअर गुणिले १० ओहम, म्हणजे १५० व्होल्टच्या वर. अर्थिंग असून, नवीन एमसीबी असून, ओल्या हाताने कूलरला शिवणाऱ्या मुलाला मारण्याइतका दाब तिथे तासन्तास राहू शकतो. जमीन मुरमाड असेल आणि पाइपाचा रोध १०० ओहम असेल तर प्रवाह जेमतेम दोन अँपिअर होतो आणि जवळजवळ सगळा दाब बॉडीवर राहतो. वाचकांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. ‘आमच्याकडे अर्थिंग केलेले आहे’ एवढ्यावर निर्धास्त का राहू नये, ते त्यावरून कळते.

यावरचा उपाय म्हणजे आरसीसीबी नावाचे उपकरण. बाहेर जाणारा प्रवाह आणि न्यूट्रलवरून परत येणारा प्रवाह ते सतत ताडून पाहते. आमच्या बँकेतील रोखपाल दिवसअखेर जमा-नावे ताडतो तसेच, मात्र प्रत्येक क्षणाला. गेलेले आणि आलेले यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीकडे निघाला, की ते सेकंदाच्या एका अंशात वीज तोडते. वरच्या उदाहरणात १५ अँपिअर गळत होते. अगदी १०० ओहमच्या वाईट अर्थिंगवरही दोन अँपिअर गळतात. दोन्ही वेळी आरसीसीबी तत्काळ पडेल. म्हणूनच घरांसाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यावी. कारखान्यासाठीची मोठ्या आकड्याची स्वस्त मिळाली म्हणून आणू नये. जादा भार आणि शॉर्ट यांपासून मात्र साधी आरसीसीबी वाचवत नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच. तसेच कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला काही कळत नाही, कारण तिच्या हिशेबात जमा-नावे बरोबर जुळते.

आता वेगळ्या खोलीला वीज न्यायची कशी? इथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिला प्रकार घराला लागून, अंगणापलीकडे, असलेल्या न्हाणीचा, गोठ्याचा किंवा अभ्यासिकेचा. इथे वीज घरच्या मीटरवरूनच जाते. मागे जाणारी तार घरातील मुख्य बोर्डावरील स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबीतून निघावी, म्हणजे मधल्या अंतरातील केबललाही संरक्षण मिळते. तीन तारा न्याव्यात: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. अर्थची तार फेजइतक्याच जाडीची, हिरव्या रंगाची आणि अखंड असावी, मध्ये पीळ देऊन जोडलेली नको. शिवाय त्या खोलीजवळ स्वतंत्र पाइप गाडून तोही याच अर्थला जोडावा. कोणी म्हणेल, घरचा अर्थ आणला असता पुन्हा पाइप कशाला? कारण असे की घरातील फ्रिजमध्ये बिघाड होऊन घरच्या अर्थवर दाब चढला, तर तोच दाब तारेवाटे गोठ्यातील गव्हाणीच्या लोखंडी नळीवर जाऊन बसतो. घरातील माणूस फरशीवर चप्पल घालून उभा असतो, गाय मात्र शेण-मुताच्या चिखलात चार पायांवर उभी असते. माणसाला नुसती झिणझिणी आणणारा दाबही जनावराचा जीव घेऊ शकतो.

दुसरा प्रकार शेतातील मोटरच्या खोलीचा. तिथे मीटर वेगळे, जोडणी थ्री फेज आणि घरापासून अंतर मोठे. घरचा अर्थ तिथे नेण्याचा प्रश्नच येत नाही, तिथले अर्थिंग तिथेच हवे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच एका जागी बसवलेल्या मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळे व स्वतंत्र अर्थ असावेत असे सांगितले होते. ते नियम गेले, त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०१० मध्ये आले आणि पुढे २०२३ मध्ये नवे आले. दोन अर्थची अट शहाणपणाचीच आहे. एक तार उंदराने कुरतडली किंवा गंजून तुटली तरी दुसरी राहते. आपल्या शेतांत मात्र एकसुद्धा असेल तर नवल, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी दिसते. कारण मोटर अर्थशिवायही पाणी फेकते आणि केळीच्या बागाला पाणी मिळाले की बाकी विचार मागे पडतो.

अर्थिंगबरोबरच दुसरा शब्द येतो तो बाँडिंगचा. विजेच्या तारेवर चिमणी बसते आणि तिला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. शॉक बसायला दोन ठिकाणच्या दाबांत फरक लागतो. पत्र्याच्या न्हाणीत हीटरचे लोखंडी अंग, नळाचा लोखंडी पाइप, पत्र्याची भिंत आणि तिचे अँगल हे सर्व हाताच्या अंतरावर असतात. हे सगळे धातू जाड तारेने एकमेकांना व अर्थला जोडले, तर बिघाड झाला तरी त्यांच्यातील दाबाचा फरक अल्प राहतो. आरसीसीबी वीज तोडते त्या क्षणार्धापुरती ही ढाल असते. पत्र्याच्या खोल्या आपल्याकडे फार, म्हणून हे विशेष लक्षात घ्यावे. ४५ अंशांवरच्या उन्हात सर्व्हिस वायरचे आवरण कडक होऊन तडकते, पत्र्याच्या कडेवर वाऱ्याने घासते आणि एके दिवशी पत्र्याची भिंतच फेज होते. त्याच पत्र्याला बांधलेल्या तारेवर ओले कपडे वाळत घातले जातात. सर्व्हिस वायरला आधार देणाऱ्या लोखंडी तारेवर कपडे टाकण्याचीही सवय आहे. पावसाळ्यात अशा घटनांच्या बातम्या येतात आणि त्यांत बहुधा घरातील बाई असते.

जुन्या वाड्यांत नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थची तार गुंडाळलेली असे. त्या काळी जमिनीखालून लांबवर लोखंडी पाइप गेलेला असल्याने ते कसेबसे चालले. पुढे प्लंबरने गंजलेला पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला. नळाला पाणी उत्तम येऊ लागले आणि अर्थ कायमचा नाहीसा झाला. कोणाला काही कळले नाही, कारण अर्थ नसला तरी पंखा फिरतोच. उलट, बिघाड झाला तर आता नळाची तोटीच जिवंत होते.

याहून घातक अशा दोन युक्त्या आहेत. पहिली, तिसरी तार नाही म्हणून प्लगमधील अर्थच्या छिद्राला न्यूट्रलचाच तुकडा जोडणे. वायरमन मंडळी हे ‘काम भागवण्यासाठी’ करतात. टेस्टर लावून पाहिला तर सगळे ठीक दिसते. पण अंगणावरून गेलेल्या न्यूट्रलचा जोड वाऱ्याने सुटला, की खोलीतील दिव्यातून आलेला फेज परतीची वाट न मिळाल्याने न्यूट्रलवर आणि तिथून कूलरच्या बॉडीवर येऊन थांबतो. कूलरमध्ये काहीही बिघाड नाही, तरी तो २३० व्होल्टवर! दिवा विझलेला पाहून मुलगा ‘लाईट गेली’ असे समजतो आणि कूलर सरकवायला जातो.

दुसरी युक्ती शेतात व खळवाडीत चालते. एकच फेजची तार न्यायची आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवा लावायचा. वायरचा निम्मा खर्च वाचतो. शंभर वॅटच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, म्हणून सळईजवळ दाब थोडा राहतो आणि कोणाला काही जाणवत नाही. त्याच सळईवर हजार वॅटचे कडबाकुट्टी यंत्र लावले की १० ओहमच्या सळईवरही चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट चढतात, कोरड्या जमिनीत त्याहून कितीतरी अधिक. सळईची तार तुटली तर तिचे मोकळे टोक पूर्ण फेजइतके घातक असते. अशा ठिकाणी आरसीसीबी बसवली तर ती लगेच पडते. मग ‘हे यंत्र सारखे ट्रिप होते, बेकार आहे’ म्हणून ती काढून टाकतात. ती बरोबर बोलत होती, हे कोण सांगणार?

अर्थचा पाइप कसा गाडावा, याबद्दल भारतीय मानक ३०४३ मध्ये स्पष्ट सूचना आहेत. जीआय पाइप आतून किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि निदान अडीच मीटर लांब असावा, इमारतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. खाली खडक लागला तर पाइप थोडा तिरपा गाडण्याची मुभा आहे. साक्रीकडील पठारावर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी ती उपयोगी पडते. तिथे खडकावर हात दोन हात पाइप ठोकून वरून सिमेंट करण्यात अर्थ नाही. एका पाइपाने भागत नसेल तर काही मीटर अंतरावर दुसरा गाडून दोन्ही जोडावेत.

रावेर, यावल, चोपडा भागांतील तापीकाठची काळी माती या कामाला चांगली, कारण ती ओल धरते. पण हीच माती चैत्र-वैशाखात भेगाळते आणि पाइपापासून सुटून आक्रसते. पावसाळ्यात मोजलेला रोध उन्हाळ्यात कित्येक पटींनी वाढू शकतो आणि कूलर तर उन्हाळ्यातच चालतो! म्हणून खड्ड्यात मीठ-कोळशाचे थर देतात, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवतात. मिठामुळे ओल टिकते खरी, पण तेच मीठ काही वर्षांत पाइप खाऊन टाकते. नुसती वरची तार पाहून समाधान मानू नये. पाइपाला तार जिथे बोल्टने आवळलेली असते तो जोड वर्षातून एकदा तरी, शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडावर, उघडून पाहावा.

अर्थ चांगला आहे का हे पाहण्यासाठी फेज व अर्थ यांच्यात शंभर वॅटचा दिवा लावून दाखवण्याची जुनी पद्धत आहे. दिवा लख्ख लागला की मालक खूश होतो. पण त्या दिव्याला जेमतेम ०.४३ अँपिअर लागतात. अर्थचा रोध ५० ओहम असला तरी वीस-बावीस व्होल्टच कमी होतील आणि दिवा उत्तम दिसेल. शिवाय त्या वेळी अर्थच्या तारेला कोणी शिवले तर त्याची जबाबदारी कोणाची? अर्थिंगचा रोध मोजण्याचे स्वतंत्र यंत्र परवानाधारक ठेकेदाराकडे असते. मोजलेला आकडा तारखेसह मीटरच्या पेटीत लिहून ठेवायला त्याला सांगावे.

विद्यार्थ्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षर असलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली पाहिजे, नाही गेली तर आरसीसीबी बदलावी. हे बटण फक्त यंत्र तपासते, जमिनीतील पाइप नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे. दुसरे म्हणजे अभ्यासिकेतील प्लग पाहावेत. दोन छिद्रांच्या जुन्या बोर्डात बसावा म्हणून थ्री पिनची जाड पिन मोडलेली असते किंवा हिरवी वायर कापून आत दुमडलेली असते. कूलर, इस्त्री, पाण्याचा हीटर यांचा असा प्लग दिसला तर तो तसाच वापरू नये.

ज्यांना येत्या हंगामात पंपासाठी कर्ज घ्यायचे आहे किंवा घरामागे खोली बांधायची आहे, त्यांनी दुकानदाराकडून कोटेशन घेतानाच त्यात चार बाबी वेगळ्या ओळींत लिहून घ्याव्यात: जीआय पाइप व अर्थचा खड्डा (मोटरसाठी दोन), अर्थची अखंड तार मीटरमध्ये मोजून, जोडणीला साजेशी आरसीसीबी आणि ठेकेदाराने मोजून दिलेला रोध. मोटर, केबल आणि खोली यांच्या खर्चाच्या मानाने या ओळींची रक्कम लहान असते. फायलीत ती सुरुवातीलाच आली तर कर्जाच्या मागणीत धरता येते. मागाहून सुचली तर मात्र ती स्वतःच्या खिशातून भरावी लागते.